साखराबाईची रडण्याची पारख

चिंचोलीत कुठल्या घरातून रडण्याचा आवाज आला, की साखराबाई पीठ मळता मळता थांबे, मान तिरपी करी आणि दोन-चार हेल ऐकून निकाल देई.

"ही गळ्यातली हाय. पावणे यायची वाट बघून राहिली."

किंवा, "ही नाकातली. हिला सासूचं इरकली लुगडं पायजे, दुसरं काय न्हाई."

आणि कधीतरी ती काहीच बोलत नसे. हात धुई, पदर खोची आणि त्या घराकडं निघे. तेव्हा गल्ली समजून जाई, की हे रडणं बेंबीतलं आहे आणि तिथं खरंच कुणीतरी गेलंय.

राज्य निजामाचं होतं. लातुराहून सकाळी न्याहारी करून गाडी जुंपली तर दुपारच्या भाकरीला चिंचोलीत पोचता यायचं. माणूस मेल्यावर तर बाया रडतच, पण लेक सासरी निघाली तरी रडत आणि सासरहून आली तरी गळ्यात पडून रडत. या रडण्याला शब्द लागत आणि शब्दांना चाल लागे. ज्या बाईला ते साधलं नाही तिला बाकीच्या मागून नावं ठेवत. पाटलीणबाईचा हेल उंटासारखा, उंच चालता चालता मधेच गुडघे मोडून खाली बसणारा. शरणप्पा वाण्याची आई दानम्मा उदगीरकडची, ती कानडीत रडे. मेलेल्याची स्तुती चाललीय का सुनेची निंदा, हे गावाला उमगत नसे. सून मात्र बरोबर ओळखायची.

साखराबाईचं स्वतःचं रडणं मोटेसारखं होतं. आधी चाक कुरकुरायचं, मग नाडा ताणला जायचा, आणि मग भदाभदा पाणी. पाणी संपलं की ती नाक शिंकरी, तांब्याभर पाणी पिई, दोन भाकरी खाई आणि भिंतीला पाठ लावून घोरायला लागे. साठी जवळ आली तरी ती सुईत दोरा स्वतःच ओवायची. कुणी विचारलं तर म्हणे, "डोळं रोजच्या रोज धुतल्यावर कशाला जातेत?"

तिची एक कसोटी होती. रडून उठलेल्या माणसाला भूक लागली पाहिजे. नाही लागली, तर रडणं वाया गेलं. पुन्हा रडावं लागेल.

ही विद्या तिला नांदेडात सापडली. नवरा तिथं कचेरीत शिपाई होता, आणि खोली मिळाली ती शिकल्या-सवरल्या लोकांच्या आळीत. तिथं रडायचं ते दार लावून, पदराचा बोळा तोंडात धरून. शेजारच्या माधवराव कारकुनांची बायको विमल हिचं सहा महिन्यांचं पोर गेलं, तर सासू म्हणाली, "चारचौघांत शोभत नाही हो. आवरावं." विमलनं आवरलं. मग तिला दातखीळ बसायला लागली. अन्न जाईना, झोप येईना, बोटं थंडगार. साखराबाईनं तिला धुणं धुवायच्या निमित्तानं गोदावरीवर नेलं, आणि तिथं पायरीवर बसून स्वतःच गळा काढला. त्या दिवसांत तिचं म्हणावं असं कुणी मेलेलं नव्हतं. म्हणून ती माहेरी मेलेल्या एका शेळीसाठी रडली. "अगं माझ्या चंद्रेऽ, माझ्या दोन वेताच्या बाईऽ, तुझी शिंगं गं कशी वाकडीऽ." विमल आधी बघत राहिली, मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ते कुठंतरी फिरलं. धुणं तसंच राहिलं. घरी परतताना विमलनं घाटावरच्या बाईकडून फुटाणे घेऊन खाल्ले, रस्त्यातच, उभ्यानं.

नवरा वारल्यावर साखराबाई धाकट्या भावाकडं, भुजंगाकडं, चिंचोलीला आली. आल्या दिवशी भावजयीच्या गळ्यात पडून अशी रडली, की भावजय केवळाबाई नंतर म्हणाली, "वन्सं, माझं दोन वर्षांचं तुंबलेलं निघालं बघा." त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

केवळाबाई कामाची बाई, पण तिची एक खोड होती. ती गाठ फार घट्ट मारायची. शेतावर भाकरीचं फडकं जायचं, ते भुजंगाला नखानं सुटायचं नाही, दातानं सुटायचं नाही. संध्याकाळी तो घरात पाऊल टाकायच्या आधी ओरडे, "आज भाकर खायची होती का गाठ?" ती आतून म्हणे, "गाठ सैल राहिली की मुंग्या जातेत." हा संवाद इतक्या वर्षांत इतक्यांदा झाला होता, की साखराबाई दोघांचे आवाज काढून तो एकटीच करून दाखवायची, आणि चुलीपुढं बसलेली केवळा पोट धरून हसायची.

श्रावणात केवळाबाईला ताप भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली.

भुजंग रडला नाही. त्यानं लाकडं ओली आहेत का कोरडी ते बघितलं, पावणे-रावळे बघितले, अग्नी दिला, अंघोळ केली आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. गाव म्हणालं, "गडी मर्द हाय." साखराबाई मात्र तिथूनच त्याच्यावर नजर ठेवून राहिली. कारण त्यांचा बापही असाच मर्द होता. आई पोळ्याला गेली, बापानं डोळ्यातून टिपूस काढलं नाही, आणि काहीएक रोग नसताना वाळत वाळत संक्रांतीच्या आत तोही गेला. भुजंगाची तीच हनुवटी होती, आणि आता ती तशीच आवळलेली होती.

दसरा गेला, दिवाळी गेली. भुजंग कपाळाला फडकं बांधून हिंडे. रात्री कूस बदलायचा आवाज येई, घोरण्याचा येत नसे. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवून घोळवून बैलापुढं टाकी. केवळाचं नाव तर त्याच्या तोंडून ती गेली तेव्हापासून निघालंच नव्हतं.

"गळ्यात गोळा हाय अक्का. अन्न उतरंना."

लातूरच्या हकिमानं जिभेवर चमचा दाबून आत बघितलं आणि "गले में कुछ नै" म्हणून गुलाबी सरबताची बाटली दिली. भुजंगानं सरबत पिलं. गोळा जागेवर.

मग साखराबाईनं त्याला कांदे चिरायला बसवलं. त्यानं टोपलंभर चिरले. डोळ्यांतून धारा लागल्या. ती आशेनं बघत होती.

"कांदा तिखट हाय," भुजंग म्हणाला आणि बाहीनं डोळे पुसून उठला.

तिनं मान हलवली. ते पाणी डोळ्यांचं होतं. बाकीच्या भुजंगाला त्याची खबरच नव्हती.

मग तिनं मोठा उपाय काढला. जाणत्या बाया गोळा केल्या आणि ओसरीवर बसवून सांगितलं, "केवळाच्या नावानं असं रडा, की दगडाला पाझर फुटावा. त्यो आत बसलाय." बायांना कुणीतरी मोकळ्या गळ्यानं रडायला बोलवायचं म्हणजे काय सांगावं. पाटलीणबाईनं उंट सोडला. दानम्मानं "अय्यो शिवनेऽ" म्हणून छाती बडवली. साखराबाईची मोट सुरू झाली. आवाज वेशीपर्यंत गेला.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. महिनोन् महिने वाळत चाललेल्या माणसाच्या घरातून एकदम एवढा कल्लोळ उठला, तर गाव काय समजणार. गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. कापडवाल्या रामकिशननं दुकानाच्या फळ्या लावल्या आणि पांढरं कापड काखेत मारून निघाला. दोघं बांबू घेऊन आले, कुणी गवऱ्या, कुणी मडकं. दारात कुणी काही विचारलं नाही. अशा वेळी विचारत नाहीत. गडी खाली मान घालून तिरडी बांधायला बसले.

आतल्या रडण्याला कंटाळून भुजंग मागच्या दारानं निघाला आणि वळसा घेऊन पुढं आला. बघतो तर दारात तिरडी. गावातलं कुठलंही मर्तिक त्याच्या हाताशिवाय व्हायचं नाही, म्हणून तो सवयीनं उकिडवा बसला आणि बांबू चाचपला.

"ह्यो वला हाय. मधे वाकंल. दुसरा आणा. आन् सुतळी अशी काय बांधलालाव, उलटी घ्या." दोन आडव्या काठ्या त्यानं बांधूनही दिल्या. मग हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

रामकिशनच्या काखेतलं कापड खाली पडलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला. "तुझ्याच घरातून आवाज आला बाबा. आमाला वाटलं..."

"मी?"

"व्हय. वाटलं खरं."

हसू आधी बांबूवाल्यांना फुटलं, मग सगळ्यांना. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, असं म्हणत लोकांनी तिरडी सोडली. दानम्मानं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. रामकिशन कापडावरची माती झटकत भुजंगाला म्हणाला, "पाटील, कापड फाडलं न्हवतं ते बरं झालं."

त्या सगळ्या हसण्यात भुजंग तेवढा हसला नाही. त्यानं सुतळी गुंडाळून ठेवली आणि गोठ्याकडं गेला. साखराबाई ओसरीवरून बघत होती. माणसाचं रडणं अडलं तर एक वेळ निघतं. पण स्वतःच्या तिरडीवरसुद्धा ज्याला हसू येत नाही, त्याचं दोन्हीकडचं दार लागलेलं असतं. आणि संक्रांत जवळ आली होती.

त्या साली मोहरम तुरीच्या सुगीत आला. भुजंग नवसाचा पोर होता. आधीची दोन मुलं दगावल्यावर आईनं पीराच्या पंज्याला बोललं होतं, की हे जगलं तर दर मोहरमला फकीर होईल. त्यामुळं दर वर्षी ते दहा दिवस भुजंग गळ्यात हिरवा नाडा घालून, झोळी घेऊन दारोदार जायचा, पंजे बसवतात त्या आशुरखान्यात झोपायचा, आणि गाव त्याला भुजंग म्हणायचं नाही, फकीरसाब म्हणायचं. बायकोनं म्हणायचं नाही, बहिणीनंही नाही. यंदा त्यानं सांगून टाकलं, "वरीस झालं न्हाई. घरात सण करायचा न्हाई."

साखराबाई आशुरखान्यात गेली. मुजावर मदारसाब चिंचेच्या कोळानं पितळी पंजे घासत होता.

"मदारभाऊ, त्यो येत न्हाई म्हनतोय. नवस मोडला तर अजून काय व्हायचं ते हुईल. काय तरी सांगा त्याला."

मदारसाब घासायचा थांबला नाही. "क्या बोलता उनो?"

"वरीस झालं न्हाई, सण करायचा न्हाई."

"मोहरम सण थोडा है?" मदारसाब म्हणाला. "ये भी सुतकच है. पाटील को बोलो, तुम्हारे सुतक में हमारा सुतक मिला दो."

साखराबाईनं हे घरी जाऊन मदारसाबच्याच आवाजात, मान हलवत, सांगितलं. भुजंग बराच वेळ खुंटीवरच्या नाड्याकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात झोळी उभी राहिली.

"दे माय, हुसेन के नाम से दे," फकीर म्हणाला. भुजंगाची दखनी बोली नांगराला घोडा जुंपल्यासारखी होती. चालायची, पण दोघांनाही त्रास व्हायचा.

"घ्या फकीरसाब." तिनं झोळीत सूपभर ज्वारी ओतली. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. तिला म्हणायचं होतं, भुजंगा, चार घास खा. पण फकिराला असलं काही म्हणत नाहीत. ती म्हणाली, "पीराला सांगा, ह्या घरात एक मानूस जेवत न्हाई."

"बोलता," फकीर म्हणाला आणि पुढच्या दाराला गेला.

दहाव्या दिवशी दुपारी पंजे ओढ्यावर थंड करायला निघाले. पुढं ताशे, मागं गाव. ओढ्याशी ताशे थांबले आणि निरोपाचं गाणं सुरू झालं, करबल्यात तहानेनं गेलेल्या लेकरांचं. ते गाणं ऐकताना रडायचं असतं. न रडणाऱ्यालाच लोक नावं ठेवतात. मिशाळ गडी हमसत होते. इतर दिवशी जे रडणं बाईचं म्हणून हिणवलं जाई, तेच त्या दुपारी ओढ्यावर पुण्याचं होई. बाया बाभळीखाली उभ्या होत्या. साखराबाई मान तिरपी करून होती. फकिरांच्या रांगेतून तिला सगळे आवाज वेगळे ऐकू येत होते. तिला हवा तो त्यात नव्हता.

मदारसाब एकेका पंज्यावरची नवसाची वस्त्रं सोडून घडी घालत होता. शेवटचा पंजा त्यानं भुजंगाच्या हातात दिला.

"फकीरसाब, ये तुम सोडो. मेरे हात से पिछले साल भी नै सुटी. वैसेच पेटी में रखा था."

पंज्याच्या दांड्याला मोरपंखी लुगड्याचा पदर बांधलेला होता. गेल्या मोहरमच्या आधी भुजंगाच्या पायाला विळा लागून पाय सडायला आला होता, तेव्हा केवळाबाईनं बोललेलं वस्त्र ते. पाय बरा झाल्यावर तिनंच गेल्या मोहरमला आपल्या हातानं ते बांधलं होतं. वर्षभर पेटीत राहूनही गाठ बोरासारखी टणक होती.

भुजंगानं नखं लावली. गाठ हलली नाही. त्यानं बोटं पाण्यात बुडवून पुन्हा धरली. मग पंजा मांडीवर आडवा घेऊन तो वाकला आणि त्यानं गाठ दातात धरली, शेतातल्या बांधावर रोज दुपारी धरायचा तशी.

आणि तसाच थांबला.

आधी काहीच आवाज आला नाही. पाठ तेवढी हलली. मग दातातल्या कापडाच्या मागून एक आवाज आला, जात्यात खडा अडकल्यासारखा. खडा दोनदा अडला, तिसऱ्यांदा फुटला, आणि मग जातं फिरायला लागलं. त्याला शब्द नव्हते, चाल नव्हती. गाणं संपलं तरी तो आवाज संपला नाही.

दानम्माला राहवेना. तिनं "अय्यो" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात साखराबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या रडण्यात तिनं आपला सूर मिसळला नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी ती गप्प उभी राहिली. पाटलीणबाईकडंही तिनं असं बघितलं, की उंट जागच्या जागी बसला.

फकिराचे डोळे पुसायचे नाहीत, तो कशासाठी रडतो ते विचारायचं नाही, हा रिवाज होता. कुणी जवळ गेलं नाही. मदारसाब पाठ करून घासलेलाच पंजा पुन्हा घासत बसला. चिंचोलीतल्या झाडून सगळ्यांनी त्या दुपारी असंच ठरवलं, की भुजंग हुसेनासाठी रडतोय. ते खोटंही नव्हतं.

गाठ शेवटी सुटली नाहीच. मदारसाबनं पंजा त्याच्या हातातून अलगद घेतला, वस्त्रासकट हिरव्या कापडात गुंडाळला. "रहने दो. अगले साल देखेंगे."

परतताना साखराबाईनं त्याला गाठलं. "मदारभाऊ, खरंच सुटली न्हवती का तुमच्यानं?"

"बाई, गाठ सोडने को सुया-दाभण सब है मेरे पास," मदारसाब म्हणाला आणि पेटी खांद्यावर सारखी करून पुढं गेला.

भुजंग घरी आला, गळ्यातला नाडा खुंटीला लावला आणि उघड्या बाजेवर आडवा झाला. कपाळाचं फडकं कुठंतरी ओढ्यावरच पडलं होतं. थोड्या वेळानं गोठ्यातल्या बैलांनी कान टवकारले, इतका त्याचा घोरण्याचा आवाज आला. साखराबाई दारातच बसून तुरी पाखडत राहिली. मधून मधून सूप थांबवून ती ऐके. आवाज नाकातला नव्हता, गळ्यातलाही नव्हता. पोटातून येत होता.

दिवे लागायला तो उठला. बाजेवर बसून इकडंतिकडं बघितलं.

"अक्का, खायला काय हाय?"

तिनं लगबग केली नाही. जणू रोजचंच आहे, अशा बेतानं मोहरमचे चोंगे, त्या गोड तळलेल्या पोळ्या, ताटलीत घातले, गूळ ठेवला. भुजंगानं एक चोंगा मोडायला घेतला. मोडेना. दाढेखाली धरून कडकन तोडला, चावला, गिळला. तिची नजर त्याच्या गळ्यावर होती. घास उतरला.

"कडक झालेत," तो म्हणाला. "केवळा दूध घालायची."

"तिला चोंगे मीच शिकिवले."

"मग तिनं सुधारले," भुजंग म्हणाला आणि दुसरा उचलला.

साखराबाई भाकरी टाकायला म्हणून चुलीकडं वळली. तवा ठेवला, पीठ ओढलं, आणि श्रावणापासून जे तिनं गावासाठी, भावासाठी, बायांच्या साथीला म्हणून थोडं थोडं काढलं होतं, ते सोडून तिचं स्वतःचं असं जे राहिलं होतं, ते आलं. चाक कुरकुरलं, नाडा ताणला, आणि मोट अशी रिकामी झाली, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. समोरच्या घरात दानम्मानं कान देऊन ऐकलं आणि सुनेला सांगितलं, "बेंबीतलं हाय गं."

रामकिशन दुकान बंद करायच्या बेतात होता. यावेळी तो शहाणा झाला होता. कापडाला हात न लावता तो नुसता भुजंगाच्या दारात आला आणि अंधुक उजेडात आत डोकावत, अदबीनं विचारता झाला, "पाटील, बांबू सांगू का?"

"नको," आतून भरल्या तोंडानं आवाज आला. "जेवून राहिलो."